मागची कोरी बाजू

थंडी पडली की ऑइल पेंट दाटतो. डबा उघडला की वर साय धरलेली असते आणि खाली रंग मधासारखा जड झालेला असतो. तसाच घेतला तर ब्रश ओढताना अडतो, अक्षराची कड फाटते. म्हणून मार्गशीर्ष लागला की माझी सकाळ ओट्यावर डबे उन्हात मांडण्यापासून सुरू होते. लाल, निळा, पिवळा, पांढरा आणि सगळ्यात शेवटी काळा, कारण काळा सगळ्यांच्या आधी तापतो. ऊन चढेपर्यंत समोरच्या वालाच्या शेतावर धुकं बसलेलं असतं. त्याच्यापलीकडे हायवे आहे. ट्रक ऐकू येतात, दिसत नाहीत.

आमच्या तलासरीकडे हे दिवस खरं तर सुखाचे. भात घरात आलेलं असतं. पेंढ्याच्या उडव्या रचून झालेल्या असतात. रस्त्याच्या कडेला उंबाडियूवाले बसतात. वालपापडी, कंद, रताळी मडक्यात भरून, मडकं उपडं घालून वरून विस्तव करतात, आणि तो भाजका हिरवा वास पार वळणापर्यंत येतो. बोर्डीकडचे चिकू टेम्पो भरभरून जातात. माणसं उन्हाला पाठ देऊन उगीचच बोलत उभी राहतात. तरी थंडीचा पहिला झोत आला की माझ्या पोटऱ्या आपोआप ताठ होतात. पाय जमिनीकडे कान देऊन उभे राहतात, म्हणा ना. सात वर्षं झाली, पण ती एक थंडी अंगातून गेलेली नाही. आमच्याकडे कोणी तिचं साल सांगत नाही. ‘धक्क्यांची थंडी’ म्हटलं की सगळ्यांना कळतं.

त्या वर्षी मी घरी होतो. घरी होतो म्हणजे घरी बसलो होतो. त्याआधी बारा वर्षं चारोटीला माझं पाट्या रंगवायचं दुकान होतं. ढाब्यांच्या पाट्या, ट्रकांच्या पाठी, पंक्चरवाल्यांचे टायर. मराठी, गुजराती आणि हिंदी, तिन्ही भाषांची अक्षरं माझ्या हातात होती. गुजरातीला डोक्यावर रेघ नसते, त्यामुळे ओळ सरळ ठेवायला डोळा लागतो. तो माझ्याकडे होता. मग फ्लेक्सची मशीन आली. सकाळी फोटो द्या, दुपारी बोर्ड न्या. माझ्या एका पाटीला तीन दिवस लागायचे. शेवटच्या पावसाळ्यात मी शटर ओढलं, ब्रशांची पेटी घरी आणली आणि माळ्यावर टाकली. सुनंदा, माझी बायको, आरोग्य केंद्रात नर्स आहे. घर तिच्यावर चालू लागलं. मी मात्र गावात कोणी “काय पेंटर, सध्या काय?” विचारलं की रस्ता बदलायचो.

आमची ऋतुजा तेव्हा सहा वर्षांची, पहिलीत. सुनंदा सकाळी स्कूटीवरून गेली की ऋतूची वेणी, डबा, शाळा, दुपार हे सगळं माझ्याकडे. वेणी मला चांगली जमायची. तीन पदरांची ओळ सरळ ठेवणं, त्यात काय!

पहिला धक्का आला तेव्हा कोणाला कळलंच नाही की हा धक्का आहे. जमिनीच्या पोटात कुठेतरी सुरुंग फुटल्यासारखा घुमला, मांडणीवरची स्टीलची ताटं एकमेकांना लागून वाजली आणि थांबली. सगळे बाहेर आले, एकमेकांकडे बघून हसले. मग आणखी दोन-तीन झाले. बारीकच. आम्ही निर्ढावलो.

एका सकाळी अकराच्या सुमारास मी पाणी आणायला निघालो. हापसा रस्त्याच्या पलीकडे, आणि ऋतूला सर्दी म्हणून घरी ठेवलेली. ती माझ्यामागे रस्त्यावर येईल, ट्रक अंगावर येतील, म्हणून मी दाराला बाहेरून कडी लावली. दोन हंडे भरेपर्यंतचाच प्रश्न होता. दुसरा हंडा अर्धा भरला होता तेव्हा तो आला. या वेळी घुमणं आधी, आणि मग पायाखालची जमीन कोणीतरी चाळणीसारखी हलवली. मी रस्ता कसा ओलांडला ते आठवत नाही. आठवतो तो आतून येणारा आवाज. ती दारावर दोन्ही हातांनी मारत होती आणि “बाबा” म्हणत नव्हती, नुसतं ओरडत होती. कडी काढताना माझी बोटं घसरली. दार उघडलं तेव्हा भिंतीवरचं घड्याळ खाली पडून फुटलेलं, आणि कोपऱ्यात छतापासून खालपर्यंत हाताच्या बोटाएवढी भेग.

तिला कुठे लागलं नव्हतं. संध्याकाळी सुनंदाने विचारलं, “बाहेर कशी आली ही?” मी म्हणालो, “दार अडकलं होतं. मी उघडलं.” ऋतू माझ्याकडे बघत होती.

त्या दिवसापासून ती घरात जाईना. उंबऱ्यापर्यंतसुद्धा नाही. तोवर सगळा पाडाच अंगणात आला होता. जो तो बांबू उभे करून वर ताडपत्री ओढून राहू लागला. शेजारचे देवजीकाका मात्र आपल्या कुडाच्या घरात निवांत. कारवीच्या काठ्या, वर शेणमातीचा लेप, त्याच्या भिंती. “पेंटर, तुझा घर विटांचा,” ते म्हणाले. “वीट वाकत नाय, मोडते. माझा कुड बघ, नाचतो नि परत उभा रेहतो.” त्यांनी मला चार बांबू दिले आणि खाली अंथरायला पेंढा दिला. ताडपत्री बाजारात संपली होती. दुकानदाराने वापरलेला फ्लेक्स दिला, कुणाच्या तरी वाढदिवसाचा. ज्याच्यामुळे माझं दुकान बंद झालं तोच मी डोक्यावर घेतला. छापील बाजू पावसा-दवाकडे वर केली. खाली आमच्याकडे पांढरी कोरी बाजू आली.

दिवस असे जायला लागले. शाळा कधी आंब्याखाली भरायची, कधी भरायचीच नाही. सुनंदाला सुट्टी नाही. तिच्या केंद्रातले पेशंटही बाहेर मांडवात आणले होते. मी आणि ऋतू अंगणात. ती मरून स्वेटर आणि कानटोपी घालून उपड्या घमेल्यावर बसायची आणि दर थोड्या वेळाने एकच विचारायची, “आता येईल?”

“नाही येणार,” मी म्हणायचो.

तासाभरात यायचा. असं तीनदा झालं आणि तिने मला विचारणं बंद केलं. कडीपेक्षाही ते मला जास्त लागलं. कडी एकदाच लावली होती. हे मी रोज करत होतो.

मग मी जिद्दीला पेटलो. ठरवलं, रोज सुनंदा गेल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत हिच्यासोबत हाताने काहीतरी करायचं. दुकान उघडावं तसं, ठरल्या वेळी. पहिल्या दिवशी चिखल कालवला. थंडीत तो इतका गार होता की तिने एक बोट लावलं आणि स्वेटरला पुसलं. दुसऱ्या दिवशी कागदाच्या होड्या केल्या. पाणी नाही, म्हणून त्या पेंढ्यावर ठेवल्या. तिसऱ्या दिवशी गोष्टी सांगितल्या. माझ्याकडे एकूण चार गोष्टी होत्या, त्यातल्या दोन एकच निघाल्या. पाचव्या दिवशी मी वाघ होऊन रांगलो. ऋतू माझ्याकडे अशा नजरेने बघत होती की मला उठून उभं राहावं लागलं.

संध्याकाळी सुनंदा चुलीशी बसून ऐकत होती. म्हणाली, “तुम्ही तिला खेळवायला बघताय. तुम्हाला खेळता कुठे येतं? तुम्हाला जे येतं ते करा.”

“पाट्या? कोणाच्या? ऑर्डर कुठाय?”

“मी ऑर्डर म्हटलं का?”

दुसऱ्या दिवशी मी घरात जाऊन माळ्यावरून पेटी काढली. ब्रश कडक झाले होते, ते टर्पेंटाइनमध्ये बुडवले. रंग दाटले होते, ते उन्हात ठेवले. मग मांडवात उभं राहून वर बघितलं, आणि बाजूला उतरलेल्या फ्लेक्सच्या पांढऱ्या पाठीवर पट्टी ब्रशने एक मोठी रेघ ओढली. फ्लेक्सवर ब्रश असा सरकतो हे मला माहीत नव्हतं. चिडूनच कधी हात लावला नव्हता. मी लिहीत सुटलो. अ आ इ. मग गुजराती क ख ग. मग नुसता ‘ऋ’, हातभर उंच, कारण पेंटरलोक ज्याला घाबरतात असं ते एक अक्षर आहे. तिच्याशी मी बोलत नव्हतो. तिचं अस्तित्वच विसरलो होतो, खरं सांगायचं तर.

मागून आवाज आला, “याचं पोट वाकडं आहे.”

“कुठे?”

घमेल्यावरून उठून ती आली आणि बोट लावून दाखवलं. खरंच वाकडं होतं. “दे ब्रश,” ती म्हणाली.

आता आमचा धाकटा अडीच वर्षांचा आहे आणि या थंडीतही मी पुन्हा घरी मूल सांभाळत काम करतो. लोक विचारतात, लहान मुलाला घेऊन कसं सुचतं? सुचत नाही. मध्येच उठावं लागतं, नाक पुसावं लागतं, अर्धं अक्षर वाळून जातं. पण त्या दिवशी मला जे कळलं ते कायमचं कळलं. मुलाला गुंतवायचं म्हणून केलेलं खोटं काम मूल लगेच ओळखतं. आपण मनापासून एखाद्या गोष्टीत बुडालो की ते आपसूक जवळ येतं आणि चुका काढतं. चुका काढायला आलेलं मूल हे घाबरून बसलेल्या मुलापेक्षा केव्हाही बरं.

मी ऋतूला खालच्या कडेची रेघ दिली. पाटीची चौकट असते तशी, मांडवाच्या या बांबूपासून त्या बांबूपर्यंत, निळी. श्वास धरून, न थांबता ओढायची. ती रोज थोडी थोडी ओढायची. जीभ बाहेर, एक डोळा बारीक. मी वर चित्रं काढायचो आणि तिने सांगितलेली काढायचो: देवजीकाकांची कोंबडी, चिकूचा टेम्पो, आईची स्कूटी. पाड्यातली इतर मुलं येऊन बसायला लागली. कुणी सांगायचं, माझी बकरी काढ. मी काढायचो. दुकानात इतक्या ऑर्डरी कधी आल्या नव्हत्या.

आणि एके दिवशी ती रेघ ओढत असताना धक्का आला.

बांबू करकरले, डबे एकमेकांवर आपटले. मी ब्रश टाकून तिला उचललं आणि मोकळ्यावर धावलो. तिची मूठ माझ्या शर्टाला घट्ट होती. जमीन थांबली. मी तिच्या रडण्याची वाट बघत होतो. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती.

“बाबा, ते बघ. ते मी नाही काढलं.”

सरळ आलेली निळी रेघ शेवटी करवतीच्या दातांसारखी खालीवर झाली होती.

“मग कोणी काढलं?”

“त्याने,” ती म्हणाली आणि पायाने जमीन दाखवली.

खाली उतरून ती रेघेजवळ गेली, दात मोजले, आणि मला म्हणाली, “हे पुसायचं नाही.” त्यानंतर तिला प्रत्येक धक्का ब्रशवर पकडायचा होता. बहुतेक वेळा ती जेवत असायची किंवा वेणी घालून घेत असायची. मग जमीन हलली की आधी ती माझा हात धरून मोकळ्यावर पळायची आणि मग कपाळाला आठ्या घालून म्हणायची, “चुकला!” तिची भीती गेली असं मी म्हणणार नाही. माझीही गेली नव्हती. पण भीतीला आता एक काम मिळालं होतं. आणि एकदा तिने पुन्हा विचारलं, “आज येईल?” तेव्हा मी पहिल्यांदा खरं बोललो. “माहीत नाही गं. मलाच काय, कोणालाच माहीत नाही.” तिने मान हलवली आणि ब्रश ओला करून ठेवला.

एक गोष्ट मात्र उरलीच होती. संक्रांतीच्या आसपास, गुजरातकडून पतंगांचे गठ्ठे येऊ लागले तेव्हा, ऋतूने पहिल्यांदा आपलं घर काढलं. माझ्याकडून काही काढून घेतलं नाही, स्वतःच काढलं. कौलं लाल, भिंत पिवळी, कोपऱ्यात भेग. आणि दारावर काळ्या रंगात एक जाड, आडवं काहीतरी, जवळजवळ दाराएवढं.

सुनंदा ड्यूटीवरून आली, खांद्याला पर्स तशीच. “हे काय आहे?”

“कडी,” ऋतू ब्रश धुता धुता म्हणाली. “बाबाने लावली होती ना.”

मी हातातला ब्रश खाली ठेवला आणि म्हणालो, “दार अडकलं नव्हतं. कडी मी लावली होती. पाण्याला गेलो तेव्हा.”

“किती वेळ?”

“दोन हंडे भरेपर्यंत.”

“आणि ही आत ओरडत होती?”

“हो.”

ती ओट्यावर बसली. चपलाही काढल्या नाहीत. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंही बोलली नाही. मला ते बरंच वाटलं. एवढे दिवस मी एकटाच ते घेऊन बसलो होतो. नाही, तेही खोटं, एकटा नव्हतो. सहा वर्षांची पोर माझ्याबरोबर ते घेऊन बसली होती, आणि माझ्यापेक्षा जास्त गप्प राहून.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुनंदाने निघायच्या आधी माझ्यासमोर स्क्रू ड्रायव्हर ठेवला. “आज चित्र नंतर,” ती म्हणाली. “आधी ते दार.” आणि मग, स्कूटी चालू करून, माझ्याकडे न बघता, “ऋतूला सोबत घ्या.”

कडीला चार स्क्रू होते. तीन निघाले, चौथा गंजलेला. त्यावर टर्पेंटाइन सोडून आम्ही दोघं बाहेर बसून राहिलो. ऋतू उंबऱ्यापासून दोन हात लांब, फ्रॉकच्या ओच्यात तीन स्क्रू घेऊन. शेवटी तोही फिरला. कडी माझ्या हातात आली, एवढीशी होती. दारावर चार भोकं राहिली. ऋतू उठली, जवळ आली, एका भोकात करंगळी घालून बघितली. मग उंबरा ओलांडून आत गेली आणि दार ओढून घेतलं.

मी बाहेर उभा. आतून काही आवाज नाही.

“बाबा, ढकल बघू!”

मी एका बोटाने ढकललं. उघडलं. ती समोरच उभी होती. “परत,” म्हणाली आणि दार ओढून घेतलं. मग तिने आतून उघडलं, मग मी बाहेरून. किती वेळा ते मोजलं नाही. शेवटी ती कंटाळली आणि “भूक लागली” म्हणत सरळ स्वयंपाकघरात गेली.

पुढे धक्के लांबत गेले, थंडी ओसरली, हायवेपलीकडच्या माळावर पळस पेटला. तो रंगवलेला फ्लेक्स दोन पावसाळ्यांत सडला. फ्लेक्स तसाच सडतो, मला माहीत होतं, तरी वाईट वाटलं. ऋतूला नाही वाटलं. ती आता तेरा वर्षांची आहे, कबड्डी खेळते, चित्र फारसं काढत नाही. तिला ती थंडी कितपत आठवते, मी विचारत नाही. मला मात्र तिने कामाला लावलं ते लावलंच. पाड्यातल्या मुलांनी घरी जाऊन सांगितलं, मग एका शाळेने भिंती रंगवायला बोलावलं. आता जमीन हलली तर काय करायचं ते मी भिंतींवर लिहितो, तिन्ही भाषांत, लांबून वाचता येईल असं. थंडीत सकाळपासून जेवणापर्यंतची वेळ माझी ठरलेली आहे. त्या वेळात पाहुणा आला तरी मी ब्रश ठेवत नाही.

त्या वर्षीच्या फाल्गुनात सुनंदाचा भाऊ वापीहून गाडी घेऊन आम्हाला न्यायला आला होता. तिकडे खोली बघून ठेवली होती त्याने. पाड्यातली काही घरं नातेवाइकांकडे गेली होतीच. “ताई, हट्ट करू नकोस,” तो म्हणाला. “पोरीचा तरी विचार कर.” सुनंदाने त्याला जेवायला वाढलं, वालाची भाजी आणि भाकरी, आणि म्हणाली, “तिचाच करतेय. माझं केंद्र इथे आहे, तिची शाळा इथे आहे, यांचं काम आत्ता कुठे परत सुरू झालंय. आम्ही राहतोय.” तो गेल्यावर ती अंगणात उभी राहून घराकडे बघत होती. भेग मी सिमेंटने भरली होती, ती अजून ओली दिसत होती.

“अहो,” ती म्हणाली, “जगाच्या पाट्या रंगवल्यात तुम्ही. आपल्या दारावर काहीच नाही.”

खरंच नव्हतं. मी फळी तासून घेतली, पांढरा हात मारला. “काय लिहू? माझं नाव की तुझं?”

“तिघांचं. आणि वर लिहा, इथे राहतात.”

बारा वर्षं पाट्या रंगवल्या, पण पाटीवर क्रियापद मी कधी लिहिलं नव्हतं. ‘राहतात’ लिहायला अख्खी सकाळ घेतली.

परवा ती पाटी रंग द्यायला खाली उतरवली. धाकट्याचं नाव अजून घालायचं राहिलं होतं. खडूने आखून बघितलं तर खाली जागाच उरत नव्हती. मी वरची तिन्ही नावं लहान करता येतात का ते मोजत बसलो होतो. सुनंदा ड्यूटीला निघाली होती, हेल्मेटचा पट्टा लावता लावता थांबली, वाकून बघितलं.

“अक्षर बारीक नका करू,” ती म्हणाली. “फळी मोठी आणा.”